हजारावी पौर्णिमा, लातुरातून मॉरिशसला

माणूस ऐंशी वर्षं आणि सुमारे दहा महिन्यांचा होतो, तेव्हा त्याच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होऊन गेलेल्या असतात. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, हजार पौर्णिमांचे साडेएकोणतीस हजार दिवस. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा या साध्या गुणाकारावर उभा आहे. आमच्या आबांचा हा सोहळा आम्ही २०२५ च्या जूनमध्ये मॉरिशसला केला. सोबत आबांची पणती होती, तीन वर्षांची. ऐंशीच्या घरातला माणूस आणि तीन वर्षांचं लेकरू एकाच प्रवासात कसं न्यायचं, हे विचारायला तेव्हापासून गल्लीतली चार घरं येऊन गेली, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो आहे.

पहिला प्रश्न वाढदिवस कोणता, हाच होता. आबांच्या टीसीवर १ जून १९४४ आहे. त्या पिढीत निम्म्या मराठवाड्याचा जन्म १ जूनचा, कारण शाळेत नाव घालताना मास्तरच तारीख लावायचे. आबांच्या आईने सांगितलेली खूण वेगळी: पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, आणि निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा चार वर्षांचा होता. म्हणजे १९४४ चा श्रावण. आधारवर तिसरीच तारीख, १ जानेवारी १९४४. नक्की तारीख सांगता आली नाही की नोंदीत वर्षासोबत १ जानेवारी पडते, तशी पडलेली. आम्ही पोळ्याची तिथी धरून मोजलं. भाद्रपदातली पौर्णिमा पहिली धरली, तर हजारावी येत होती २०२५ ची ज्येष्ठ पौर्णिमा, वटपौर्णिमा, १० जून.

मृग लागलेला, आभाळ भरलेलं, आणि ज्या चंद्राच्या नावाने सोहळा तोच ढगांमागे, असं लातुरात ज्येष्ठाच्या पौर्णिमेला नेहमी होतं. त्यामुळे जूनमध्ये आभाळ मोकळं असण्याची शक्यता जास्त असेल अशी जागा शोधायला लागलो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तिथे जून म्हणजे हिवाळा. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने, मे ते ऑक्टोबर कोरडे आणि थंडावा असलेले. भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवले की विमानतळावर शिक्का मिळतो. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. लेकराच्या झोपेला आणि आबांच्या शुगरच्या गोळ्यांना हा फरक सोसतो; युरोप-अमेरिकेत तो सोसला नसता. शिवाय त्या बेटावर मराठी माणसं आहेत. उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्यांत मुंबई बंदरातून चढलेली कोकणातली कुटुंबं होती, त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवली जाते. हे ऐकल्यावर आबा म्हणाले, “मग जाऊ की. आपलीच माणसं हायत.”

खरं काम कागदांचं, आणि ते निदान पाच-सहा महिने आधी हातात घ्यावं. आबांचा जन्मदाखला नव्हताच. त्या पिढीच्या माणसाला शाळेचा दाखला चालतो, पण आधार, पॅन आणि दाखला या तिन्हींवर तारीख एकच लागते. म्हणून आधी शाळेतून निर्गम उतारा काढला, त्यावरून आधारची तारीख दुरुस्त केली आणि मग पासपोर्टचा अर्ज भरला. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते, तेव्हा कोणता कागद मुख्य धरायचा हे घरात बसून आधी ठरवा. पासपोर्टवर १ जून आली तेव्हा आबा म्हणाले, “हा सरकारचा वाढदिवस. पोळ्याचा घरी करू, पुरणावर.”

जन्मठिकाणही असंच अडतं. आबा जन्मले तेव्हा आमचं गाव निजामाच्या राज्यात उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये, आणि उस्मानाबादही आता धाराशिव आहे. जुन्या दाखल्यावर जुना जिल्हा दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. गाव आणि तालुका बरोबर हवेत, जिल्हा आजचा भरावा. ‘दहावी नाही, मग पासपोर्टवर इमिग्रेशनची अडचण येईल का’ हा प्रश्न शेतकरी घरांत हमखास निघतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना ती अट नाही, अठरा वर्षांखालच्यांनाही नाही.

पासपोर्टच्या अपॉइंटमेंटच्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. साठ वर्षं कुळवाचं रुमणं आणि विळा धरलेल्या हाताचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. आबांचा अंगठा तीनदा ठेवला, तिन्ही वेळा लाल दिवा. मग ऑपरेटरने ओल्या फडक्याने बोटं पुसून दिली, चार मिनिटं थांबायला सांगितलं आणि पुन्हा घेतले. चौथ्या खेपेला जमलं. म्हाताऱ्या माणसाला नेताना सोबत ओला रुमाल ठेवावा आणि आदल्या रात्री बोटांना तेल चोळावं. आबा त्या दिवशी किती तरी वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसले होते.

लेकराचा पासपोर्ट त्या मानाने सोपा, फक्त मुळाशी एक गाठ होती. तिच्या आईचं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे लेकराचा जन्म नांदेडला नोंदलेला. आणि नोंद बारशाच्या आधी झाल्यामुळे दाखल्यावर नावाची जागा कोरी. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते, आपण राहतो तिथे नाही. नाव वर्षाच्या आत फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. हे काम बाळ पाळण्यात असतानाच उरकून टाका. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. अर्जासोबत आईवडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र, म्हणजे परिशिष्ट ‘ड’, लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपण घेऊन जायचा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो. आठ वर्षांखालच्यांना आणि साठीवरच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सवलत आहे, म्हणजे आमच्या घरात पहिला आणि शेवटचा माणूस दोघंही सवलतीत बसले.

तिकिटाच्या वेळी लेकराचं वय परतीच्या तारखेचं बघावं. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर, थोडक्या भाड्यात जातं; पण प्रवासात दोन पूर्ण होत असतील तर येताना त्याला स्वतंत्र सीट लागते. आबांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली. तिचे तीन प्रकार असतात. ज्याला चालता येतं, पायऱ्या चढता येतात, पण लांबचं अंतर झेपत नाही त्याला डब्ल्यूसीएचआर. पायऱ्या जमत नाहीत त्याला डब्ल्यूसीएचएस. सीटपर्यंत न्यावं लागतं त्याला डब्ल्यूसीएचसी. बुकिंगवाल्याला नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हणून सोडू नका, प्रकार सांगा. कारण विमान लांब उभं असलं की शिडीऐवजी लिफ्टची गाडी आणायची का, हे त्यावरून ठरतं. किमान अठ्ठेचाळीस तास आधी हे नोंदलेलं असावं. आबा आधी नको म्हणत होते, खुर्चीत बसणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं. मग पणती त्यांच्या मांडीवर चढून बसली आणि विषय मिटला. लेकराची बाबागाडीही विमानाच्या दारापर्यंत नेता येते, तिथे कर्मचारी ती घेतात.

लातूरहून मुंबईला आम्ही रात्रीच्या लातूर-मुंबई एक्स्प्रेसने गेलो. साठीवरच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीवरच्या बायकांना खालचा बर्थ मिळण्याची सोय बुकिंगच्या वेळी मागता येते, ती मागावी. आणि त्याच दिवशीचं विमान धरू नये. एक रात्र मुंबईत काढली, त्या खर्चाचं मला अजून वाईट वाटत नाही.

विमान सहा-सात तासांचं. हवा बंद डब्यासारखी धरलेली असली तरी आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तितकाच राहतो, आणि हवा फार कोरडी असते. कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. कानाच्या पडद्यामागून घशाकडे जाणारी बारीक नळी मुलांमध्ये अरुंद असते, बाहेरचा दाब वाढतो तसा आतला पटकन जुळत नाही. गिळलं की ती नळी उघडते. म्हणून विमान खाली यायला लागलं की लेकराला झोपू द्यायचं नाही, बाटली किंवा काही चघळायला द्यायचं. आबांना चिंचेची गोळी दिली, त्याच कारणासाठी. आबांना दर तासाला उठवून दोन फेऱ्या मारायला लावल्या; पाय लटकते ठेवून तासन्‌तास बसलं की पोटरीत रक्त साकळण्याचा धोका या वयात वाढतो.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत अजिबात टाकू नका, खाली ते गोठू शकतं. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांबद्दल मॉरिशस कडक आहे, आबांच्या गुडघ्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बदलून घेतल्या. विम्याच्या अर्जात बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, सगळं खरं लिहायचं. लपवलेल्या आजारावरचा दावा नाकारला जातो, आणि ऐंशीनंतर बऱ्याच पॉलिसी बंद होतात, त्यामुळे शोधायला वेळ ठेवा.

औक्षणाचं ताट भरताना आईला विमानाचे नियम शिकवावे लागले. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून त्यावर बंदी आहे. कापूर नाही, सामानात काडेपेटी नाही. हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, तुपात भिजवलेल्या फुलवाती आणि पितळी निरांजन गेलं. मार्गात दुबई किंवा सिंगापूर असेल, तर खसखस लावलेले अनारसे घरीच ठेवा. दोन्ही देशांत खसखशीला मनाई आहे. शिदोरीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती विमानातच संपवली. जे उरतं ते उतरल्यावर फॉर्ममध्ये लिहून दाखवावं.

तिथे गेल्यावर जे कळलं, ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. म्हातारं माणूस आणि लहान लेकरू यांचा दिवस एकसारखाच असतो. दोघं पहाटे उठतात, अकराला जेवतात, दुपारी झोपतात, सात वाजता पेंगतात. दमतो तो मधल्या वयाचा माणूस, आणि बेत आखणाराही तोच असतो. आम्ही पहिल्या दिवशी चार ठिकाणं ठेवली होती. दुसऱ्या ठिकाणाच्या दारात दोघंही रडवेले झाले. त्यानंतर सकाळी एक जागा, दुपारी झोप, संध्याकाळी समुद्र, एवढंच ठेवलं.

पाम्पलमूसची बाग या दोघांसाठीच केलेली वाटते: सपाट वाटा, दाट सावली, आणि तळ्यात परातीसारखा काठ असलेल्या पानांच्या कमळवेली. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. मोठी लाट तिच्यावर फुटते, आतलं पाणी गुडघाभर आणि संथ राहतं. आबांनी धोतर वर खोचून पणतीचा हात धरला आणि दोघं त्यात उभे राहिले. गंगा तलाव उंचावर आहे, तिथे थंडी वाजते. १०८ फुटी शंकरासमोर आबांना शाल आणि स्वेटर दोन्ही लागलं. पोर्ट लुईसमध्ये आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या बघितल्या. सुमारे साडेचार लाख मजूर या बंदरात उतरले. आबा बराच वेळ तिथे उभे राहिले, मग म्हणाले, “आपल्याकडं ऊसतोडीला जातात तसंच. फक्त परत यायला समुद्र आडवा.” जेवणाची काळजी नको: रस्त्यावर मिळणारी ढोल पुरी म्हणजे डाळ भरलेली मऊ पोळी, दात नसलेल्यालाही खाता येते.

१० तारखेला सकाळी आईने पोर्ट लुईसच्या बागेतल्या वडाला दोरा गुंडाळला. संध्याकाळसाठी आम्ही मुद्दाम पूर्व किनारा, बेल मार, घेतला होता. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूने येतो, म्हणजे पूर्वेच्या समुद्रातूनच. पश्चिमेच्या प्रसिद्ध किनाऱ्यांवरून तो पाण्यातून वर येताना दिसत नाही. जूनमध्ये पूर्वेला वारा फार असतो, हे मान्य करूनच जायचं. हिवाळ्यामुळे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, आणि पौर्णिमा दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण होणार असल्याने चंद्र त्याच्याही आधी वर येणार होता. लेकराच्या झोपेआधी सगळं बसत होतं.

निरांजन वाऱ्याने दोनदा विझलं. तिसऱ्यांदा बाबांनी आणि मी पाठ करून आडोसा धरला. ढगांची एक पट्टी होती, तिच्या खालून चंद्र निघाला, फिकट, उजेडात विरघळल्यासारखा. आईने सुपारी आणि अंगठी फिरवून ओवाळलं. पणतीने विचारलं, हा कितवा? आबांनी बोटं मोजायला घेतली, दोन-तीन मोजली आणि तिचाच हात धरून चंद्राकडे केला. म्हणाले, “माझा हजारावा. तू मोजाया लाग आता.” ती मोजायला लागली: एक.