वीजबिल कुणाच्या नावावर आहे?



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत मी विचारलं, "आपली ग्रामपंचायत माझी वसुंधरा अभियानात आहे, माहीत आहे का?" दोघी-तिघींनी हात वर केले. त्यात काय काम झालं असं विचारल्यावर उत्तर आलं, "झाडं लावली." आणखी काय? सगळ्या गप्प. मग मागून एक ताई म्हणाल्या, "मॅडम, ते पंचायतीचं काम. आपलं बिल कमी होणार असेल तर सांगा."

ताईंचं म्हणणं बरोबर होतं. पंचायतीचं काम आणि आपलं बिल यांचा संबंध काय, तो या वेळी समजून घेऊ.

पंचायतीचं काम म्हणजे काय?

राज्य सरकारने 2 ऑक्टोबर 2020 रोजी माझी वसुंधरा अभियान सुरू केलं. पाऊस वेळेवर पडत नाही, उन्हाळा वाढत चाललाय, हे आपण शेतात रोज बघतो. त्यावर गावपातळीवर काय करता येईल, यासाठी हे अभियान आहे. त्यात पंचमहाभूतांप्रमाणे पाच भाग आहेत: भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश. झाडं भूमीत येतात. वीज आणि इंधनाची बचत, सौरऊर्जा हे सगळं अग्नीत येतं. प्रत्येक कामाला गुण असतात आणि चांगलं काम करणाऱ्या ग्रामपंचायतींना बक्षीस मिळतं.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे छोटं गाव 2024 साली राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. म्हणजे हे कागदावरचं काम नाही, होणारं काम आहे.

आपल्या पंचायतीचं बिल मुख्यतः दोन ठिकाणी जातं: रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठ्याची मोटर. 5 एचपीची मोटर 6 तास चालली तर दिवसाला साधारण 22 युनिट जळतात. बिल थकलं की वीज तुटते. वीज तुटली की नळ बंद, आणि मग हंडा कुणाच्या डोक्यावर येतो, ते मी सांगायला नको. म्हणून पंचायतीची मोटर सौरऊर्जेवर चालणं हा आपलाही प्रश्न आहे.

घरात आधी काय करायचं?

सोलरचं नाव निघालं की सगळ्या एकदम सोलरच धरतात. पण आधी वीज कुठे जाते ते बघा. हिशोब सोपा आहे: 1000 वॅटची वस्तू 1 तास चालली की 1 युनिट.

- जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब रोज 5 तास लावला तर महिन्याला 9 युनिट. त्याच जागी 9 वॅटचा एलईडी लावला तर दीड युनिटही होत नाही.
- साधा पंखा 75 वॅटचा असतो. रोज 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिट. नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे 11 युनिट. पंखा महाग आहे, म्हणून सगळे एकदम बदलू नका. जो जास्त चालतो तो आधी.
- पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड रोज 1 तास लावला तर महिन्याला 45 युनिट! बऱ्याच घरांत बिल इथेच वाढतं.

आणि एक लक्षात ठेवा. महिन्याचा वापर 100 युनिटच्या पुढे गेला की पुढच्या प्रत्येक युनिटला दुपटीच्या आसपास दर लागतो. त्यामुळे 120 वरून 95 वर आलात तर बिलात चांगला फरक दिसतो.

पत्र्याचं घर असेल तर उन्हाळ्याआधी पत्र्याला पांढरा रंग किंवा चुना द्या. पांढरं छत ऊन परत फेकतं, घर कमी तापतं. अहमदाबाद शहराने 2013 साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छतं पांढरी केली. मात्र पत्र्यावर चढताना जपून. जुना पत्रा पाय ठेवला की फुटतो.

आता सोलर

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. अनुदान असं आहे: 1 किलोवॅटला 30 हजार रुपये, 2 किलोवॅटला 60 हजार, 3 किंवा त्याहून जास्त असेल तर 78 हजार. त्यापेक्षा जास्त नाही. 1 किलोवॅटला गच्चीवर साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते आणि महिन्याला 100 ते 120 युनिट वीज तयार होते. दिवसा जास्त झालेली वीज महावितरणकडे जाते आणि आपल्या बिलातून वजा होते. पण एक अडचण अशी की लाईट गेली की साधा सोलरही बंद होतो. रात्री उजेड हवा असेल तर बॅटरी लागते, तिचा खर्च वेगळा.

ज्यांचा वापर 100 युनिटच्या आत आहे किंवा जी कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली आहेत, त्यांच्यासाठी राज्य सरकारने 2025 मध्ये जादा अनुदान जाहीर केलं. महावितरणच्या कार्यालयात याची चौकशी जरूर करा.

अनुदान आधी मिळत नाही. सोलर बसून, तपासणी होऊन, मग ते बँक खात्यात येतं. तोपर्यंत पैसे आपण किंवा बँकेने घालायचे. म्हणून गटातून कर्ज घेण्याआधी हिशोब करा: महिन्याला बिल किती वाचणार आणि हप्ता किती जाणार? हप्ता मोठा असेल तर थांबा.

आणि फसवणूक सांभाळा. एका गावात एक माणूस "अनुदान मिळवून देतो" म्हणून घरोघरी आगाऊ पैसे घेऊन गेला, पावती नाही की काही नाही. काम करणारा योजनेच्या पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते बघा. लेखी कोटेशन घ्या. ओटीपी कुणालाही सांगू नका.

खरी अडचण: नाव

आता मथळ्यातला प्रश्न. अर्ज ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याने करायचा असतो. बैठकीत मी बिलं आणायला सांगितली. एका ताईंचं बिल सासऱ्यांच्या नावावर होतं, सासरे जाऊन आठ वर्षं झाली. मालक वारले, घर ताई चालवतात, बिल ताई भरतात, पण कागदावर ताई कुठेच नाहीत. त्या म्हणाल्या, "भरायला मी, आणि नाव लावायचं कधी कुणी सांगितलंच नाही."

ताईंनो, हे एका घरचं नाही. मृत ग्राहकाचं नाव बदलून वारसाच्या नावावर बिल करता येतं. महावितरणला अर्ज द्यायचा, सोबत मृत्यू दाखला, वारसाचा आणि घराचा पुरावा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उताराही काढा. त्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं. सोलर बसो न बसो, हे काम करून ठेवा. पुढे कोणतीही योजना आली तरी हाच कागद लागणार.

ग्रामसभेत काय विचारायचं?

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हा आपला हक्क आहे. तिथे हे प्रश्न मांडा आणि ठरावात लिहून घ्या:

1. पंचायतीचं दिव्यांचं आणि मोटरचं वर्षाचं बिल किती आहे?
2. गावविकास आराखड्यात 'स्वच्छ आणि हरित गाव' या विषयाखाली कोणती कामं धरली आहेत?
3. माझी वसुंधरा अभियानात अग्नी या भागात आपल्याला किती गुण मिळाले?
4. सूर्यघर योजनेत गावात बसलेल्या प्रत्येक सोलरमागे ग्रामपंचायतीला 1000 रुपये प्रोत्साहन आहे. मग अर्ज भरायला मदत करणारं शिबिर पंचायत कधी घेणार?

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने दोन कागद आणायचे: शेवटचं वीजबिल आणि नमुना 8. ज्यांची नावं बदलायची आहेत त्यांची यादी गटाच्या सचिव ताईंनी करून ठेवा. मी येताना अर्जाचे नमुने घेऊन येते. एकाच दिवशी सगळ्या मिळून महावितरणच्या कार्यालयात जाऊ. एकटीला उद्या या म्हणतात, वीस जणी गेल्या की काम त्याच दिवशी पुढे सरकतं.