आधी एक्स की आधी वाय? जागेतला 'बिंदू'च हरवतो तेव्हा...

३ × ५ केलं काय आणि ५ × ३ केलं काय, उत्तर १५च. शाळेत याला क्रमनिरपेक्षता म्हणतात. पण हा नियम सगळीकडे चालत नाही.

मोबाइल टेबलावर ठेवा, स्क्रीन वर. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवा, मग तुमच्यापासून लांबची कड उचलून उभा करा. मोबाइल आडवा, स्क्रीन तुमच्याकडे. आता पुन्हा आधीसारखा ठेवून क्रम बदला: आधी उभा करा, मग फिरवा. मोबाइल उभा, स्क्रीन डावीकडे! कृती त्याच, निकाल वेगळा. यालाच म्हणतात 'नॉनकम्युटेटिव्ह'.

हे जागेलाही लागू होतं का?

इलेक्ट्रॉनचं स्थान आणि संवेग यांचा गुणाकार असाच क्रमावर अवलंबून असतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी अचूक सांगता येत नाहीत. १९४७ मध्ये हार्टलँड स्नायडर यांनी पुढचं पाऊल टाकलं: एक्स, वाय, झेड हे निर्देशांकच आपसात असे वागत असतील तर? मग जागेत नेमका बिंदूच उरत नाही.

कल्पनेला कारण आहे. जितकं बारीक पाहायचं, तितकी ऊर्जा एका जागी ओतावी लागते. सुमारे १.६ × १०⁻³⁵ मीटरपर्यंत, म्हणजे प्लांक लांबीपर्यंत गेलं, की त्या ऊर्जेचंच कृष्णविवर होईल.

बिंदू नाहीत, मग भूमिती कशी?

१९४३ मध्ये गेलफांड आणि नायमार्क यांनी दाखवलं, की जागेवरच्या फलांचं बीजगणित हाती असेल तर त्यातून ती जागा परत उभी करता येते. फ्रेंच गणितज्ञ अ‍ॅलन कॉन यांनी बीजगणितालाच मूळ मानलं. ते नॉनकम्युटेटिव्ह असेल तर बिंदू हरवतात, पण अंतर मोजण्याची रीत टिकते.

पुरावा आहे?

अजून नाही, पण कसोटी आहे. यातल्या काही मॉडेलांनुसार जास्त ऊर्जेचा प्रकाश किंचित वेगळ्या वेगाने जाऊ शकतो. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने ७०० कोटींहून अधिक वर्षं प्रवास करून आलेला गॅमा किरणांचा स्फोट टिपला. त्यातला ३१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन स्फोट नोंदल्यापासून एका सेकंदाच्या आत पोहोचला. एवढ्या प्रवासात अपेक्षित उशीर दिसलाच नाही.

त्यामुळे ऊर्जेच्या सरळ प्रमाणात वेग बदलेल, असं सांगणारी साधी मॉडेलं अडचणीत आली. वेगात असा फरक न मानणारी मॉडेलं मात्र अजून शर्यतीत आहेत.