उन्हाळी जुलाब आणि हृदयाचें औषध

जालन्याच्या उन्हाळ्यांत जुलाब-वांत्या हा नित्याचा प्रकार. पण घरांत सोटालोल घेणारे वडीलधारे असल्यास तो किरकोळ समजूं नये, असें आम्हांस वाटतें. प्रत्येक ठोक्यानंतर पोटॅशियमचे कण हृदयाच्या पेशींतील सूक्ष्म वाटांनीं बाहेर पडतात, तेव्हां कोठें पेशी पुढील ठोक्यास सिद्ध होते. हें औषध त्या वाटा अडवितें. विसावा लांबतो व अवेळीं उठणारे घातक ठोके आवरतात. परंतु जुलाबांनीं रक्तांतील पोटॅशियम घटलें कीं विसावा फाजील लांबून औषधच नवा, प्राणघातक ताल उपजवूं शकतें. फ्रेंच वैद्य देसेर्तेन यांनीं १९६६ सालीं त्या तालाचें वर्णन केलें. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत तर, हृदयविकाराच्या झटक्यांतून वांचलेल्यांस याच औषधाचा एक प्रकार दिला असतां मृत्यु वाढले! म्हणून अशा वेळीं घेरी आल्यास लिंबाच्या सरबतावर न भागवितां तत्काळ डॉक्टरांकडून ईसीजी काढवावा, रक्त तपासवावें. औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये.