पक्ष्यांना श्वासावाटे द्यावयाची भूल

पन्हाळ्याच्या कड्यांभोवती घिरट्या घालणारी एखादी घार पतंगाच्या मांज्यात अडकून पंखाचे हाड मोडून घेते, तेव्हा तिच्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी भूल द्यावी लागते. सस्तन प्राण्यांवरून बांधलेले आडाखे येथे पुरे पडत नाहीत.

पक्ष्याला श्वासपटल नसते व त्याचे फुप्फुस फारसे प्रसरण पावत नाही. उरोस्थी वर-खाली होऊन वायुकोशांचा भाता चालतो आणि फुप्फुसातून हवा बहुतांशी एकाच दिशेने वाहते. त्यामुळे आयसोफ्लुरेनची वाफ त्वरित रक्तात उतरते, व ती बंद करताच पक्षी लवकर शुद्धीवर येतो. मात्र फुप्फुसात राखीव हवा अत्यल्प असल्यामुळे श्वास थांबल्यास उपायाला फारच थोडा अवधी मिळतो. पक्षी धरणाऱ्याने छाती आवळली, तरी श्वास कोंडतो. श्वासनलिकेची वलये पूर्ण असल्याने तीत घालावयाची नळी बिनफुग्याची असावी.

बहुतेक पक्ष्यांची भुजास्थी पोकळ असून वायुकोशाशी जोडलेली असते. ती मोडून जखम उघडी पडली, तर तेथून भुलीची वाफ निसटू शकते. शिवाय जखम धुण्याचे पाणी आत शिरून पक्षी गुदमरण्याचा संभव असतो. उलटपक्षी, श्वासनलिका रुद्ध झाली असता वायुकोशात नळी बसवून त्याच मार्गाने प्राणवायू व भूल देता येते. म्हणून भूल देणाराची दृष्टी यंत्राइतकीच उरोस्थीच्या हालचालीवरही खिळलेली असली पाहिजे.