पद्धतशीर समालोचन, वैद्यकीय : रुग्ण व व्यावसायिक यांचा सहभाग

एखाद्या निश्चित प्रश्नासंबंधी झालेले सर्व उपलब्ध संशोधन पूर्वनियोजित रीतीने शोधून, त्याची गुणवत्ता तपासून व निष्कर्ष एकत्र मांडून घेतलेला आढावा म्हणजे पद्धतशीर समालोचन होय. रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे आप्त आणि प्रत्यक्ष उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ञ इ. व्यावसायिक यांना या कार्यात सामील करून घेण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. येथे सहभाग म्हणजे चाचणीचा विषय होणे नव्हे, तर प्रश्न ठरविण्यात व निष्कर्षांचा अर्थ लावण्यात वाटा असणे होय.

अशा समालोचनांचा अभाव किती घातक ठरतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. अकाली प्रसूतीचा संभव असलेल्या मातेस कॉर्टिकोस्टेरॉइड दिल्यास अर्भकाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, असे दर्शविणारी यादृच्छिक नियंत्रित चाचणी न्यूझीलंडमध्ये झाली व तिचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढेही अनेक चाचण्या झाल्या. परंतु त्यांचे पद्धतशीर समालोचन १९८९ पर्यंत प्रसिद्ध न झाल्याने बहुतेक प्रसूतितज्ञांना या उपचाराच्या परिणामकारकतेची पुरेशी जाणीव नव्हती. परिणामी वाचू शकली असती अशी अनेक अर्भके दगावली. ब्रिटिश वैद्य आर्चिबल्ड कॉक्रेन (१९०९–८८) यांनी १९७९ मध्येच या उणिवेबद्दल वैद्यक व्यवसायावर टीका केली होती. त्यांच्या नावाने १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे केंद्र स्थापन झाले व १९९३ मध्ये कॉक्रेन कोलॅबोरेशन ही आंतरराष्ट्रीय संघटना अस्तित्वात आली. इअन चामर्स हे या कार्याचे प्रमुख प्रवर्तक होत. आरंभीच्या काळापासूनच रुग्ण व सामान्य नागरिक यांना या संघटनेच्या कार्यात स्थान मिळाले.

सहभागाची आवश्यकता : केवळ संशोधकांनी निवडलेले प्रश्न व मोजमापे रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाची असतातच असे नाही. संधिवाताभ संधिशोथाच्या चाचण्यांत वेदना, सांध्यांची सूज, रक्तातील बदल इत्यादींचे मापन होत असे. या चाचण्यांतील मोजमापे ठरविणाऱ्या ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाच्या २००२ च्या परिषदेत रुग्ण प्रथमच सहभागी झाले. सतत जाणवणारा थकवा हा आपल्या आजाराचा मोठा भाग असून त्याची दखल घेतली जात नाही, ही बाब त्यांनी पुढे आणली. पुढे थकव्याचेही मापन करावे, अशी शिफारस करण्यात आली. त्याचप्रमाणे गुडघ्याच्या अस्थिसंधिशोथाविषयी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका पाहणीत, संशोधनाचा भर औषधांवर असून रुग्णांना मात्र अन्य उपचार व माहिती यांविषयीचे संशोधन अधिक हवे आहे, असे आढळले.

सहभागाचे टप्पे : प्रश्न व मोजमापे ठरविणे, कार्ययोजनेचा मसुदा तपासणे, निष्कर्षांवर चर्चा करणे, सुबोध सारांश लिहिणे व निष्कर्षांचा प्रसार करणे या टप्प्यांवर सहभाग घेता येतो. प्रश्नांचा अग्रक्रम ठरविण्यासाठी ब्रिटनमध्ये २००४ मध्ये जेम्स लिंड अलायन्स ही संस्था स्थापन झाली. तीत रुग्ण, शुश्रूषक व व्यावसायिक एकत्र बसून अनुत्तरित प्रश्नांची क्रमवारी लावतात. व्यावसायिक व्यवहारातील अडचणी दाखवितात, तर आजारासह जगण्याचा अनुभव रुग्णच सांगू शकतात. म्हणून हे दोन्ही वर्ग परस्परपूरक ठरतात.

मर्यादा : अल्पशिक्षित, दरिद्री वा गंभीर आजारी व्यक्ती अशा कार्यापासून दूरच राहण्याचा संभव असतो. तांत्रिक परिभाषा, वेळ व प्रवासखर्च हेही अडथळे ठरतात. निर्णय आधीच झालेले असल्यास सहभाग नाममात्र उरतो. रुग्णाचा अनुभव हा चाचणीतील पुराव्याचा पर्याय नव्हे. उपचार गुणकारी आहे की नाही, हे पुराव्यावरूनच ठरते. तथापि ‘गुण’ म्हणजे नेमके काय, हे रुग्णास विचारल्याशिवाय ठरविणे अपुरे होय. म्हणून सहभाग आरंभापासून असावा, त्याचा योग्य मोबदला दिला जावा आणि त्यामुळे समालोचनात कोणता बदल घडला याची स्पष्ट नोंद व्हावी, असे मानले जाते.