काळं जाकीट, विकत न मिळणारं बंड

पंक या बंडखोर संगीताचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर काळं चामड्याचं जाकीट येतं. त्याचे फोटो, पोस्टर आपण ढिगाने पाहिलेत. पण ते जाकीट बंडाची खूण झालं त्यामागे बडी योजना नव्हती. होता तो पैशांचा तुटवडा, थोडे योगायोग आणि पोरापोरींनी स्वतःच्या हाताने केलेली खटपट.

१२५ डॉलरचा फोटो

न्यूयॉर्कच्या बाउरी रस्त्यावरच्या सीबीजीबी क्लबच्या दारात बसून प्रवेशाचे पैसे घेणारी रॉबर्टा बेली फोटोही काढायची. १९७६च्या सुरुवातीला ‘पंक’ नावाच्या नव्याकोऱ्या मासिकासाठी तिने रामोन्स बँडच्या चौघांना क्लबजवळच्या एका विटांच्या भिंतीपुढे उभं केलं. फाटक्या जीन्स, अंगात काळी जाकिटं, चेहऱ्यावर हसू नाही.

त्याच सुमारास त्यांचा पहिला अल्बम यायचा होता. रेकॉर्ड कंपनीने मुखपृष्ठासाठी दुसरा, महागडा फोटोग्राफर नेमला होता. ते फोटो काही जमले नाहीत. घाईघाईत बेलीचा फोटो घेतला गेला आणि तिच्या हातावर १२५ डॉलर टेकवले गेले. पुढे जगभरच्या कितीतरी बँडनी भिंतीला पाठ लावून अगदी असाच फोटो काढून घेतला.

चौघेही ‘रामोन’ आडनाव लावायचे, पण ते भाऊ नव्हते आणि ते आडनावही कुणाचं खरं नव्हतं. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी एकेकाळी ‘पॉल रामोन’ असं टोपणनाव वापरायचा, त्यावरून ते उचललेलं. सुरुवातीला त्यांच्या कपड्यांतही त्या काळच्या फॅशनची चमचम होती. हळूहळू ती गळाली आणि कुठल्याही गल्लीतल्या पोराला जुळवता येईल असा वेश उरला : जीन्स, टी-शर्ट, जाकीट.

जुलै १९७६मध्ये रामोन्स लंडनला गेले तेव्हा क्लॅश बँडची पोरं त्यांना भेटली. आम्हाला अजून नीट वाजवता येत नाही, म्हणून थांबलोय, असा त्यांचा सूर. जॉनी रामोनने त्यांना सांगितलं की, आम्हालाही काही येत नाही, थांबू नका, उतरा. पंकचा सगळा धर्म या एका सल्ल्यात आला.

सिगारचं नाव, मोटारसायकलचं अंग

हे जाकीट जन्मलं ते मात्र निव्वळ उपयोगापोटी. १९२८मध्ये न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी मोटारसायकलवाल्यांसाठी ते शिवलं आणि त्याला आपल्या आवडत्या सिगारचं नाव दिलं, ‘परफेक्टो’. किंमत साडेपाच डॉलर. आज ज्याला आपण ऐट समजतो, त्यातल्या बहुतेक गोष्टींना कारण आहे. तिरकी चेन वारा आत येऊ देत नाही, आणि हँडलवर वाकल्यावर पोटात रुतत नाही. कॉलरची टोकं बटणांनी दाबून बसवलेली, म्हणजे वेगात फडफडणार नाहीत. कमरेचा पट्टा खालून शिरणारी हवा अडवतो.

त्यावर बदनामीचा शिक्का बसवला सिनेमाने. १९५३च्या ‘द वाइल्ड वन’मध्ये मार्लन ब्रँडो मोटारसायकल टोळीचा म्होरक्या झाला. त्याच्या जाकिटाच्या छातीवर नाव, पाठीवर कवटी आणि तिच्याखाली हाडांच्या जागी इंजिनाचे दोन पिस्टन, एकमेकांवर आडवे. ब्रिटनच्या सेन्सॉरने १९५४मध्ये हा सिनेमा नाकारला. प्रमाणपत्र मिळायला १९६७ उजाडलं. मधल्या काळात तिथल्या पोरांनी सिनेमा न बघताच जाकीट अंगात चढवलं होतं. बंदी घालणाऱ्यांनीच त्याची जाहिरात केली, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रीमंत फॅशनला ते तेव्हा पचणारं नव्हतं. १९६०मध्ये पॅरिसच्या डिओर या फॅशनगृहात तरुण डिझायनर ईव्ह सां लोराँने त्याच धाटणीचं जाकीट मगरीच्या कातड्याचं केलं, कडेला मिंकची फर लावली. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी तो सक्तीच्या लष्करी सेवेत गेला आणि त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळाली.

किंग्ज रोडवरची हाडं

लंडनमध्ये ४३०, किंग्ज रोड या पत्त्यावर माल्कम मॅक्लॅरन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचं पंक कपड्यांचं दुकान होतं. पाटी सतत बदलायची. १९७४मध्ये ‘सेक्स’, १९७६च्या अखेरीस ‘सेडिशनरीज’. वेस्टवुड यांनी शिवणकाम बरंचसं स्वतःच शिकून घेतलेलं. उकळून साफ केलेली कोंबडीची हाडं बारीक साखळ्यांनी टी-शर्टवर बांधून त्यांची अक्षरं जुळवायची, हा त्यांचा उद्योग. एका टी-शर्टच्या बाह्यांना तर सायकलच्या टायरचे तुकडे लावलेले. आज असे कपडे संग्रहालयांत जपून ठेवलेत.

पण दुकानाच्या किमती बेकार पोरांच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. म्हणून खरी कामगिरी झाली ती घरोघरी.

स्टड, चमचा आणि ऑइलपेंट

१९८२मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा ३० लाखांपलीकडे गेला. त्या वर्षांतल्या पंक पोरांचं जाकीट कसं तयार व्हायचं, ते जवळून बघण्यासारखं आहे.

आधी कुणाचं तरी वापरलेलं जाकीट स्वस्तात मिळवायचं. आतलं अस्तर एका बाजूने उसवायचं, नाहीतर स्टडचे, म्हणजे धातूच्या टोकदार फुल्यांचे, पाय त्यात अडकतात. कॉलरच्या कडेने पेनाने ठिपके मारायचे, चाकूच्या टोकाने तिथे बारीक चिरा पाडायच्या, स्टडचे अणकुचीदार पाय आरपार घालायचे आणि उलट्या बाजूने चमच्याच्या पाठीने दाबून दुमडायचे. एका खांद्याला अख्खी संध्याकाळ जायची, बोटांची सालटं निघायची, आणि स्टड चढतील तसं जाकीट अंगावर चिलखतासारखं जड व्हायचं.

मग पाठ. चामड्यावरचं तेल-मेण स्पिरिटने पुसल्याशिवाय रंग धरत नाही. दारं-खिडक्या रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट, एक बारीक ब्रश, आणि लाडक्या बँडचं नाव : डिस्चार्ज, एक्स्प्लॉइटेड, जीबीएच. अक्षरं वाकडी यायची. वळ्या पडतात तिथला रंग तडकायचा, तो पुन्हा गिरवायचा. त्यामुळे दोन जाकिटं कधी सारखी दिसत नसत. मागून चालणाऱ्या माणसाला पुढच्याचा राग, त्याची आवड आणि त्याचं राजकारण पाठीवर वाचता यायचं. माझ्या दृष्टीने पंकची सर्वांत मोठी देणगी हीच. ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याने स्वतःचा फलक स्वतः रंगवला आणि अंगावर घेतला.

जाकीट उतरवणारे

या बंडाने जाकिटालाही सोडलं नाही. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात एका जुन्या घरात एकत्र राहणारा क्रास हा बँड आणि त्यांच्यासारखे अराजकवादी पंक युद्धाविरुद्ध गात होते, मांसाहार नाकारत होते. त्यांच्या चाहत्यांत प्रश्न उभा राहिला : प्राण्यांच्या कत्तलीविरुद्ध घोषणा लिहायची, ती त्याच प्राण्याच्या कातड्यावर? अनेकांनी चामडं सोडून कापडी जाकिटं धरली आणि स्टड, रंग, घोषणा तिकडे हलवल्या. आपल्या सर्वांत प्रिय खुणेलाही प्रश्न विचारण्याचं हे धाडस मला फार मोलाचं वाटतं.

काचेआड आणि आगीत

२०१३मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने पंक आणि उंची फॅशनचं प्रदर्शन भरवलं. त्यात सीबीजीबीच्या कळकट स्वच्छतागृहाचीही हुबेहूब प्रतिकृती होती. तीन वर्षांनी, लंडनमध्ये पंकची चाळिशी सरकारी आशीर्वादाने साजरी होत असताना, मॅक्लॅरन-वेस्टवुड यांचा मुलगा जो कोरे याने २६ नोव्हेंबर २०१६ रोजी थेम्स नदीत एका बोटीवर आपला पंक संग्रह पेटवून दिला. त्याच्या म्हणण्यानुसार त्याची किंमत ५० लाख पौंड होती. जळालेल्या वस्तूंचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ज्यांच्याविरुद्ध हे सगळं उभं राहिलं, त्यांनीच त्याचे वाढदिवस का साजरे करावेत, हा त्याचा सवाल रास्त होता.

आता दुकानांत कारखान्यातूनच स्टड मारून आलेली जाकिटं मिळतात. पंक मनापासून आवडणाऱ्यांना माझं सांगणं आहे : ती घेऊ नका. एखादं जुनं जाकीट शोधा, चामड्याचं नको असेल तर कापडाचं. एक संध्याकाळ त्याच्यावर घालवा. ज्या अन्यायाची तुम्हाला चीड येते तो स्वतःच्या वाकड्या अक्षरात पाठीवर लिहा, आणि ते घालून लोकांत जा.