धुक्याचा दिवा विझतो तेव्हा

चोर्ला घाटात पावसाळ्यातील संध्याकाळी जे खाली उतरते ते खरे पाहता ढगच होय. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीवर चढते, चढता चढता गार होते, तिच्यातील वाफेचे सूक्ष्म थेंब बनतात, आणि रस्ता त्या ढगाच्या पोटातून जातो. आंबोलीची व अनमोडची कथा याहून निराळी नाही. ग्वाल्हेरकडे मात्र डिसेंबर-जानेवारीच्या निर्वात रात्री जमीन आपली उष्णता गमावते आणि धुके तिच्या अंगालगतच जन्मास येते. जन्म कोठेही होवो, एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले की हवामानशास्त्र त्यास धुके म्हणते. घाटातील मोटारसायकलस्वाराची मागणी याहून फारच अल्प असते. पुढचे ३० मीटर दिसले तरी तो देवाचे आभार मानतो.

लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलींना पुढे, इंजिनाच्या संरक्षक दांडीवर, दोन ठेंगणे दिवे बसवलेले असतात ते याच ३० मीटरांसाठी. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. अडथळा दिसून हात ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागतो, आणि ओल्या रस्त्यावर चाके थांबण्यास आणखी सुमारे १६ मीटर लागतात. एकूण झाले २७. वेग ताशी ६० केला की हाच आकडा ५० मीटरांच्या वर जातो, म्हणजे दिसण्याच्या टप्प्याबाहेर.

या दोहोंतील डावा दिवा विझला तर पहिले नुकसान होते ते रस्त्याच्या कडेचे. धुक्याच्या दिव्याचा झोत आखूड पण रुंद असतो. गटार, खचलेली कड, मैलाचा दगड आणि कडेने चालणारा माणूस यांवर तो पडतो. नोव्हेंबरच्या अखेरीस बेळगाव, खानापूर आणि सावंतवाडीकडून सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी जुन्या गोव्याकडे पायी निघालेले यात्रेकरू पहाटेच्या अंधारात याच कडेने चाललेले असतात. त्यांच्या पाठीवर प्रकाश पडतो किंवा पडत नाही, हे त्या एका बल्बवर अवलंबून असते. दुसरे नुकसान समोरून येणाऱ्याचे. वरचा एक मोठा दिवा आणि खालचे दोन मिळून जो त्रिकोण दिसतो त्याच्या आकारावरून त्याला अंतराचा अंदाज येतो. त्रिकोणाचा एक कोन गेला की तो अंदाज फसतो.

मोठा दिवा पूर्ण उजेडाने लावून हे काम का होत नाही, हा प्रश्न नवखा स्वार हमखास विचारतो. धुक्यातील प्रत्येक थेंब प्रकाश चहूकडे फेकतो, त्यातला काही मागेही येतो. मोठ्या दिव्याचा उंच झोत स्वाराच्या दृष्टिरेषेतूनच जात असल्याने त्याच्या डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा राहतो. ठेंगण्या दिव्याचा झोत नजरेच्या खालून जातो, आणि त्याची वरची कड सुरीने कापावी तशी तुटक असते. सारे इंगित उंचीचे व आकाराचे आहे, रंगाचे नव्हे. पिवळा प्रकाश धुके भेदतो ही समजूत फार जुनी. फ्रान्समध्ये १९३६च्या सुमारास मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे झाले आणि ती सक्ती १९९३पर्यंत टिकली. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळा उजेड डोळ्यांना सौम्य वाटतो, एवढेच त्याचे श्रेय.

आता बल्बाकडे वळावे. हल्ली पुष्कळ गाड्यांना एलईडीचे बंद दिवे असतात. त्यांत बदलण्याजोगा बल्ब नसतो, संपूर्ण दिवाच बदलावा लागतो. तथापि हॅलोजन बल्बाचे दिवे अद्याप रस्त्यावर पुष्कळ आहेत. मोटारींसाठी असा पहिला बल्ब, एच-१, युरोपात १९६२ साली आला. साध्या बल्बात टंगस्टनची तप्त तार हळूहळू विरते आणि तिची काजळी काचेवर बसते. हॅलोजन बल्बात आयोडीन वा ब्रोमीनचा अंश असतो. तो विरलेल्या टंगस्टनशी संयोग पावून त्याला पुन्हा तारेकडे पोहोचवतो. हा व्यवहार चालू राहण्यास बल्बाची भिंत २५० अंशांहून अधिक तापावी लागते, म्हणून ती क्वार्ट्झची आणि इतकी लहान करतात. टंगस्टन परत येतो खरा, पण नेमका झिजलेल्या जागी येत नाही. म्हणून तार एके ठिकाणी बारीक होत जाऊन अखेर तुटते. बहुधा ती तुटते बटण दाबल्या क्षणी, कारण थंड तारेचा विद्युतरोध तप्त तारेच्या दहावा-पंधरावा हिस्सा असतो आणि पहिला प्रवाह लोंढ्यासारखा येतो. इंजिनाची थरथर तिला आधीच खिळखिळी करते. विजेचा दाब नेमून दिलेल्यापेक्षा पाच टक्क्यांनी जरी सतत जास्त राहिला, तरी बल्बाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून वारंवार बल्ब जात असतील तर दोष बल्बाचा न मानता चार्जिंग तपासून घ्यावे.

दोन्ही दिवे एकदम गेले असतील तर फ्यूज, रिले किंवा बटण यांवर संशय घ्यावा. एकच गेला असेल तर बल्ब किंवा त्याची अर्थची तार. दुकानात धावण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे बल्ब एकमेकांच्या जागी घालून पाहावेत. अंधार बल्बाबरोबर सरकला तर बल्ब गेला. अंधार जागेवरच राहिला तर जोडणीत गंज आहे. या परीक्षेला एक पैसा लागत नाही, आणि तरीही ती क्वचितच केली जाते.

बल्ब काढण्यापूर्वी किल्ली बंद करून दिवा पंधरा मिनिटे निवू द्यावा. हॅलोजन बल्बात वायू दाबाखाली असतो. तापलेल्या बल्बावर पाण्याचा एक थेंब पडला तरी काच फुटू शकते. मागील रबराची टोपी सोलून काढली, किंवा गोल दिव्यात पुढच्या कड्याचा स्क्रू सैल केला, की बल्ब हाती येतो. एच-३ जातीच्या बल्बाला आखूड तार असते आणि तो स्प्रिंगच्या क्लिपेने दाबलेला असतो. एच-८ व एच-११ यांचा प्लास्टिकचा बूड किंचित फिरवून मोकळा करावा लागतो. नवीन बल्ब बोटांनी धरू नये. त्वचेवरील तेल व मीठ क्वार्ट्झवर भाजून निघते, तेथे काच दुधाळ होते आणि पुढे फुगते. स्वच्छ कागदात वा फडक्यात धरावा. चुकून स्पर्श झालाच तर स्पिरिटने पुसावा. बल्बाच्या बुडावरील खाच होल्डरमध्ये एकाच प्रकारे बसते. जोर लावावा लागला तर तो उलटा धरला आहे असे समजावे.

वॅट जुन्याइतकेच ठेवावेत. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ९ ॲम्पिअर ओढतात. त्याजागी १०० वॅटचे बसवले की तेच १६च्या वर जाते. मग फ्यूज तरी जातो किंवा, तो मोठा घातलेला असल्यास, तारेचे आवरण तरी वितळते. हॅलोजनच्या दिव्यात एलईडीचा बल्ब खुपसण्याचा मोह तर अधिकच वाईट. त्यातील उजेडाची जागा तारेच्या जागी नेमकी येत नाही, झोताची तुटक कड फिसकटते, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. जोडणीच्या पिनांवर किंचित ग्रीस लावून टोपी घट्ट बसवावी. दिव्याच्या बुडाशी वाफ जाण्याचे भोक असेल तर ते मात्र बुजवू नये.

शेवटी निशाण. सपाट जागी गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करून वर स्वार बसवावा. झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा चार इंच खाली पडली पाहिजे. दिवा जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल तर अशा झोताची कड ४५ मीटरांच्या आसपास रस्त्याला टेकते. निकामी बल्बाच्या जोडीने शाबूत दिवाही तपासावा, कारण दोघे एकाच वेळी कामास लागलेले असतात. दुसरा बल्ब छोट्या डबीत, कापसात गुंडाळून, सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवावा, आणि पाना त्याच्याबरोबर.